स्वस्तातला कॅमेरा आणि मालकांची मतं : नववीसाठी वाचनाचा एक पाठ



नववी-दहावीच्या उपयोजित लेखनात आपण मुलांना जाहिरात लिहायला शिकवतो. ठसठशीत मथळा, ग्राहकाला साद, सवलत, पत्ता, संपर्क. मुलं हे हौसेनं करतात, गुणही मिळवतात. पण ती जाहिरात वाचून ज्यानं वस्तू घरी नेली आणि सहा महिने वापरली, त्या माणसाचं म्हणणं कसं वाचायचं हे कुठल्याच घटकात येत नाही. प्रत्यक्षात घरात काही घ्यायचं ठरलं की आधी हेच वाचलं जातं, आणि बऱ्याच घरांत हे काम मुलांकडेच असतं. "बाबा, याला साडेचार स्टार आहेत, हाच घ्या," एवढ्यावर दहा-बारा हजारांची वस्तू घरात येते. त्यासाठी हा पाठ तयार केला. दोन तासिका पुरतात असं मी टाचणात लिहिलं होतं, आमच्याकडे तीन लागल्या.

वस्तू म्हणून मी मुद्दाम एक जुना, स्वस्तातला, खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा घेतला : कॅननचा पॉवरशॉट ए-५७० आयएस. त्याला कारण होतं. आमच्या शाळेत मुलांना मोबाईल आणायला बंदी आहे, आणि गावातली जुनी घरं, विहिरी, वीरगळ यांची नोंद करण्याचा प्रकल्प नववीनं हाती घेतला होता. फोटो लागणार होते. वर्गात ४१ मुलं, प्रत्येकी ७० रुपये, म्हणजे २,८७० रुपये जमले. त्यातले काही सत्तर रुपये घरच्या रोजातून काढून आलेत हे मला माहीत होतं, मुलांनाही माहीत होतं. ओळखीतून एक वापरलेला ए-५७० दोन हजारांना मिळत होता. घ्यायचा की नाही, हे मी ठरवलं नाही. मुलांनी ठरवायचं होतं, आणि त्यासाठी आधी मतं वाचायला शिकायचं होतं.

आधी वस्तू समजून घ्या

मतं वाचायच्या अगोदर वस्तूची पक्की माहिती फळ्यावर लिहावी. हा क्रम उलटा करू नका. आधी मतं वाचली की मुलांचं मन तयार होतं आणि मग आकडे त्या मनाला जुळवून घेतले जातात.

हा कॅमेरा २००७ च्या सुरुवातीला आला. ७.१ मेगापिक्सेल, चारपट ऑप्टिकल झूम, हात हलला तर भिंगच किंचित सरकवून चित्र स्थिर ठेवणारी सोय (नावातलं 'आयएस' ते हेच), मागे अडीच इंची पडदा, शिवाय डोळा लावून बघायची छोटी खिडकी. शटरचा वेग आणि छिद्र स्वतः ठरवायची सोयही होती, जी इतक्या स्वस्त कॅमेऱ्यात सहसा नसते. कार्ड एसडी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला खास बॅटरी लागत नाही, दोन पेन्सिल सेल लागतात. हे शेवटचं वाक्य फळ्यावर अधोरेखित करून ठेवा, पुढचा अर्धा तास त्याच्यावरच जातो.

मग मी मुलांना मतं दिली. ही वाक्यं मी वर्गासाठी स्वतः लिहिली. अशा कॅमेऱ्यांचे मालक ज्या प्रकारचं बोलतात त्या धर्तीवर, पण कुणा खऱ्या माणसाचं वाक्य उचललेलं नाही. एक मालक म्हणतो, "सेल खाणारा राक्षस आहे, सकाळी घातले, दुपारी संपले." दुसरी म्हणते, "आठ दिवसांची सहल एका जोडीत झाली, सेलची काळजीच नाही." तिसरा : "फोटो काढायला फार वेळ लावतो." चौथी : "मुलीचं गॅदरिंग होतं, मागून झूम करून काढले, सगळे हललेले. आयएस नुसतं नावाला." पाचवा : "सात मेगापिक्सेल? आता कोण घेतं?" सहावी : "हातात धरायला फार छान." आणि सातवा : "खोका चेपलेला आला. एक स्टार."

पहिलं काम नेहमीचंच, मत कोणतं आणि वस्तुस्थिती कोणती ते सांगा. मुलांनी पटापट सांगितलं. "छान" हे मत, "सकाळी घातले दुपारी संपले" ही वस्तुस्थिती. आपल्या बहुतेक कृतिपत्रिका इथंच थांबतात. खरी गंमत इथून पुढे आहे. पहिल्या दोन मालकांची विधानं एकमेकांच्या थेट विरुद्ध आहेत आणि दोन्ही वस्तुस्थितीच्या रांगेत बसली आहेत. मग खोटं कोण बोलतंय?

वर्गाचा कौल असा आला की दुसरी बाई कंपनीची माणूस असणार. स्तुती दिसली की लाच शोधायची, ही आपल्या सगळ्यांचीच सवय. तसं कधी कधी असतंही. पण इथं दोघंही खरं बोलत असू शकतात.

पेन्सिल सेलचं प्रकरण

दुकानात जाऊन "दोन पेन्सिल सेल द्या" म्हटलं की दुकानदार जे देतो ते बहुधा झिंक-कार्बनचे, भिंतीवरच्या घड्याळात आणि रिमोटमध्ये घालायचे सेल असतात. घड्याळाला अगदी थेंब-थेंब वीज लागते, म्हणून तो सेल तिथं वर्षभरही चालतो. कॅमेऱ्याचं तसं नाही. भिंग बाहेर काढायचं, पडदा उजळायचा, फ्लॅश भरायचा, यासाठी एकदम मोठा विद्युतप्रवाह लागतो. तो खेचला की साध्या सेलचं व्होल्टेज धपकन खाली येतं आणि कॅमेरा समजतो, सेल संपले. बाहेर काढून घड्याळात घातले तर तेच सेल पुढे कितीतरी दिवस चालतात! आमच्या वर्गातल्या दोघांना हा अनुभव खेळण्यातल्या गाडीचा होता, त्यामुळे मुद्दा समजावून द्यावा लागला नाही.

अल्कलाइन सेल त्याहून बरे, पण कंपनीच्या स्वतःच्या आकड्यांनुसारही या कॅमेऱ्यात अल्कलाइनच्या एका जोडीवर साधारण १२० फोटो निघतात. रिचार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलवर मात्र सुमारे ४००. फळ्यावर ४०० भागिले १२० करून घ्या. तिपटीहून जास्त फरक, तोही तोच कॅमेरा, तीच माणसं, तेच फोटो असताना. इथं एक हुशार मुलगा अडला. "बाई, रिचार्जेबल सेलवर १.२ व्होल्ट लिहिलंय, अल्कलाइनवर १.५. मग कमी व्होल्टचा जास्त कसा चालतो?" प्रश्न विज्ञानाच्या सरांकडे पाठवायचा मोह झाला होता, पण उत्तर अवघड नाही. १.५ हा अल्कलाइनचा कोरा, विश्रांतीतला आकडा आहे. जोरात वीज मागितली की तो घसरतो आणि घसरतच राहतो. निकेलवाल्याचा अंतर्गत रोध कमी असल्यामुळे तो शेवटाजवळ येईपर्यंत १.२ च्या आसपास टिकून राहतो.

आता हे १२० आणि ४०० आकडे कुठून आले, हेही विचारायला शिकवा. जपानमधल्या कॅमेरा बनवणाऱ्यांच्या संघटनेनं, सीपानं, मोजणीची एक ठराविक पद्धत घालून दिली आहे. दर ३० सेकंदांनी एक फोटो, दर दुसऱ्या फोटोला फ्लॅश, दर दहा फोटोंनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा चालू. आपण असे फोटो काढतो का? मुलं हसली. आपण पाच मिनिटांत वीस काढतो, मग तासभर काढलेले फोटो सगळ्यांना पडद्यावर दाखवत बसतो. वीज तिथंही जाते, फोटो मात्र वाढत नाहीत. म्हणजे कंपनीचा आकडा खोटा नाही आणि तो आपलाही नाही. दोन कॅमेऱ्यांची तुलना करायला तो चांगला, आपली सहल त्यावर बेतू नये.

रिचार्जेबल सेलबद्दल एक तक्रार अशीही ऐकू येते की "भरून ठेवले होते, महिन्यानं घातले तर रिकामे." जुन्या प्रकारच्या निकेल सेलचा हा स्वभावच होता, पडून राहिले तरी ते उतरायचे. जपानच्या सान्यो कंपनीनं २००५ मध्ये एनेलूप नावाचे सेल आणले, ते भरून ठेवले तर बराच काळ भरलेले राहतात. पुढे इतरांनीही तसे सेल काढले. तेव्हा ही तक्रार वाचताना सेल कुठल्या जातीचे होते हे कळल्याशिवाय कॅमेऱ्याला दोष देता येत नाही.

इतकं झाल्यावर मुलांना परत पहिल्या वाक्याकडे नेलं. "सेल खाणारा राक्षस." या वाक्यात काय नाही? सेल कोणते ते नाही. फ्लॅश किती वापरला ते नाही. सेल नवे होते की घड्याळातले काढून घातले होते, ते नाही. मग मुलांनी पहिल्या मालकाला विचारायचे प्रश्न वहीत लिहिले. माझ्या मते या पाठातली सर्वात उपयोगी कृती हीच. मत खरं की खोटं यापेक्षा त्यातली कुठली अट सांगायची राहिलीय, हे शोधायचं. व्याकरणात आपण अध्याहृत कर्ता शोधतो ना, तशी ही अध्याहृत अट.

"वेळ लावतो" म्हणजे नक्की कधी?

तिसरं वाक्य भाषेच्या तासाला सोन्यासारखं आहे. "वेळ लावतो" या दोन शब्दांत तीन वेगवेगळे वेळ मिसळलेले आहेत. बटण दाबून कॅमेरा चालू होईपर्यंतचा एक. फोटोचं बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंतचा दुसरा, ज्यात कॅमेरा आधी नेम धरतो, म्हणजे फोकस करतो. आणि एक फ्लॅशचा फोटो काढल्यावर पुढच्यासाठी फ्लॅश तयार होईपर्यंतचा तिसरा.

यातल्या दुसऱ्यावर उपाय आहे. बटण आधी अर्धं दाबून धरायचं, कॅमेरा नेम धरतो, मग योग्य क्षणी पूर्ण दाबायचं. मोबाईलवर वाढलेल्या मुलांना अर्धं बटण ही कल्पनाच नवी होती. तिसऱ्यावर फारसा उपाय नाही. फ्लॅशसाठी आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास वीज साठवावी लागते, आणि ती दोन पेन्सिल सेलमधून काढायची म्हणजे वेळ लागणारच. दोन सेलच्या कॅमेऱ्यांत ही तक्रार वारंवार येते आणि ती रास्त आहे. घरातल्या वाढदिवसाला केक कापताना पहिला फोटो निघतो, आणि घास भरवताना कॅमेरा अजून श्वासच घेत असतो. (जुना कॅमेरा घरी उघडून बघायचा मुलांना मोह होतो. सेल काढलेले असले तरी त्या कपॅसिटरचा जबर झटका बसू शकतो, हे वर्गात स्पष्ट सांगा.)

म्हणजे एकाच वाक्यात एक चूक मालकाच्या सवयीची आणि एक मर्यादा खुद्द कॅमेऱ्याची, अशा दोन्ही असू शकतात. मुलांना हे वेगळं काढता आलं की त्यांचं स्वतःचं लिखाणही सुधारतं. "आमची सहल छान झाली" याऐवजी काय छान होतं ते लिहायला लागतात, निदान काही दिवस.

गॅदरिंगच्या फोटोवर आमचा पाऊण तास गेला. कारण उघड आहे, प्रत्येक घरात असे फोटो आहेत. अंधारा हॉल, उजळलेला रंगमंच, आई शेवटच्या रांगेत. झूम पूर्ण केला की या कॅमेऱ्याच्या भिंगाचं मोठ्यात मोठं छिद्र एफ-२.६ वरून एफ-५.५ वर येतं. ५.५ भागिले २.६, त्याचा वर्ग करा, साधारण साडेचार येतात. म्हणजे झूम न करता जेवढा प्रकाश आत येत होता, त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी आता येतो. कमी प्रकाश म्हणून कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. तेवढ्यात आईचा हात हलतो आणि मुलगी तर नाचतच असते. आयएस आईचा हात सांभाळतं. नाचणाऱ्या मुलीला ते थांबवू शकत नाही. मागचा पडदा, कमानी, झालर स्पष्ट आणि मुलगी पुसट असा फोटो आला असेल तर आयएसनं आपलं काम केलंय असं समजायचं.

"मग फ्लॅश मारायचा ना," एकजण म्हणालाच. अशा छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश तीन-साडेतीन मीटरपर्यंत पुरतो. रंगमंच १५ मीटरवर असेल तर अंतर पाचपट झालं आणि प्रकाश पंचविसावा हिस्सा उरला. उजळतात ती पुढच्या रांगेतली डोकी. व्यस्त वर्गाचा नियम शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

मेगापिक्सेलवाल्या वाक्याला फार वेळ देऊ नका. ३०७२ गुणिले २३०४ म्हणजे ७०,७७,८८८ ठिपके. छपाईला एका इंचात ३०० ठिपके धरले तर साधारण सव्वादहा बाय साडेसात इंचांचा फोटो स्वच्छ छापता येतो. आमच्या प्रकल्पाच्या फायलीत याहून मोठा फोटो मावतच नव्हता. "हातात धरायला छान" हे निव्वळ मत म्हणून मुलांनी बाजूला टाकलं होतं, पण त्यालाही आधार निघाला. सेल उजव्या बाजूला उभे बसतात, त्यामुळे तिथं फुगवटा येतो आणि बोटांना पकड मिळते. मत म्हटलं की ते हवेतलं असतं असं नाही. आणि चेपलेला खोका? तो एक स्टार कुरिअरला गेला पाहिजे होता, पण सरासरीत तो कॅमेऱ्याच्या नावावर जमा झाला. सरासरी स्टार हा आकडा असा भेसळीचा असतो.

कोण लिहितं, कधी लिहितं

वस्तू घेऊन दोन दिवस झालेल्या माणसाला नवलाई असते, पैसे खर्च केलेत ते बरोबर होतं हे स्वतःलाही पटवायचं असतं. दोन वर्षांनी लिहिणाऱ्याला सेलच्या झाकणाची खिट्टी सैल झालेली दिसते, भिंग आत-बाहेर करताना कुरकुरतं ते कळतं. म्हणून मत वाचताना वापराचा काळ आधी बघावा. एवढं सांगून मी पुढे जाणार होते, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, ज्यांचं काहीच बिघडलं नाही ते कशाला लिहायला बसतील?" या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही आणि कुठल्या स्टारमध्येही नाही. फार खूश किंवा फार चिडलेला माणूस लिहितो. मधला गप्प राहतो, आणि संख्येनं तोच जास्त असण्याची शक्यता असते.

मग एकट्यादुकट्याच्या तक्रारींना किंमतच नाही का? आहे. इथं मी मुलांना डिजिटल कॅमेऱ्यांच्या इतिहासातलं एक खरं प्रकरण सांगितलं. २००२ ते २००४ च्या सुमारास विकल्या गेलेल्या अनेक छोट्या कॅमेऱ्यांत काही काळानं एकच लक्षण दिसू लागलं, पडदा काळा पडायचा किंवा चित्र जांभळट, ओढल्यासारखं विस्कटलेलं यायचं. निरनिराळ्या देशांतले, एकमेकांना न ओळखणारे मालक, कॅमेरे वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि वर्णन मात्र सारखं. ऑक्टोबर २००५ मध्ये उलगडा झाला. या कॅमेऱ्यांतला सीसीडी, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, सोनीनं बनवलेला होता आणि त्याच्या आतली विजेची जोडणी निकामी होत होती. कॅनन, निकॉन, फुजी, खुद्द सोनी अशा बऱ्याच कंपन्यांनी ठराविक मॉडेलं हमीचा काळ संपला असला तरी फुकट दुरुस्त करून देऊ असं जाहीर केलं. कॅननच्या यादीत आपल्या ए-५७० ची थोरली भावंडं, ए-६० आणि ए-७०, होती. उष्ण आणि दमट हवेत हा बिघाड व्हायची शक्यता जास्त, असंही कंपनीनं सांगितलं. कोकणातल्या मालकाचा कॅमेरा बिघडतो आणि थंड कोरड्या गावातल्याचा चालतो, तेव्हा दोघांची मतं किती वेगळी असतील! आणि दोघंही खरं सांगत असतील.

एक तक्रार ही तक्रारच असते. पण अनोळखी माणसांनी स्वतंत्रपणे सांगितलेलं तेच लक्षण, तेही काय दिसलं त्याच्या नेमक्या वर्णनासकट, हा पुरावा व्हायला लागतो. "बकवास कॅमेरा" असं शंभर जणांनी लिहिलं असतं तर त्यातून काही निघालं नसतं. "पडदा जांभळा होतो आणि आडव्या रेघा येतात" असं वीस जणांनी लिहिलं तर निघतं. निबंधात नेमकं लिहा, नेमकं लिहा म्हणून आपण घसा कोरडा करतो, त्याचा उपयोग असा कुठेतरी दिसला तर मुलांना पटतो.

तोच कॅमेरा, नवे मालक

गेल्या तीन-चार वर्षांत कॉलेजच्या मुलामुलींमध्ये हे जुने कॅमेरे पुन्हा हवेहवेसे झाले आहेत. पालकांना याचं आश्चर्य वाटतं. घरात चांगला मोबाईल असताना पंधरा-सतरा वर्षांपूर्वीचा डबा कशाला? पण मतं वाचणाऱ्याला यात मोठी मौज आहे. २००७ चा मालक म्हणायचा, "अंधारात फोटो दाणेदार येतो, फ्लॅशनं चेहरे पांढरेफटक होतात." आजची मुलगी त्याच दाण्यांना आणि त्याच फ्लॅशला म्हणते, "किती छान, जुन्या अल्बमसारखं." वस्तू तीच, तिचा दोषही तोच, आणि मत पार उलटं. मोबाईल हल्ली चेहरा आपोआप गुळगुळीत करतो, त्याचा कंटाळा आलेल्यांना हा कॅमेरा प्रामाणिक वाटतो. सीसीडीमुळेच रंग तसे येतात असं ठासून सांगणारेही पुष्कळ भेटतात. मला ते अर्धंच पटतं. भिंग, फ्लॅश आणि आतली प्रक्रिया यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

पालकांसाठी दोन शब्द. असा कॅमेरा घ्यायचा हट्ट घरी सुरू असेल तर जुनी आणि नवी दोन्ही मतं वाचा, आणि मग वस्तू हातात घेऊनच व्यवहार करा. सेलच्या कप्प्यात पांढरा-हिरवट थर असेल तर तिथं कधीतरी सेल गळलेले आहेत. झाकण नीट लागतंय का ते बघा, कारण ते घट्ट बसलं नाही तर कॅमेरा चालूच होत नाही. भिंगावर मोबाईलचा टॉर्च तिरपा धरा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या भिंगांना ती धरतेच. दुकानात आज सहज मिळणारं ६४ जीबीचं कार्ड या कॅमेऱ्यात चालेल असं धरून चालू नका, ते नव्या प्रकारातलं असतं. ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी कार्ड मागा, ते मिळतं. फोटो काढायला कार्ड रीडर लागेल. इंटरनेट नाही, की काढलेला फोटो तिथल्या तिथे कुठे पाठवता येत नाही. यातली शेवटची गोष्ट काही पालकांना उणीव वाटेल. मला तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात द्यायला तीच सर्वात जमेची वाटते.

वर्गाचा हिशोब सांगायचा राहिला. दोन हजारांत कॅमेरा घेतला तर ८७० रुपये उरत होते. चार रिचार्जेबल सेल, चार्जर आणि कार्ड रीडर यांची चौकशी मुलांनीच बाजारात केली, तिन्ही मिळून साडेबाराशेच्या घरात जात होतं. म्हणजे कॅमेऱ्याची खरी किंमत दोन हजार नव्हतीच. साधे सेल घालून चालवू असं दोघा-तिघांनी सुचवलं, त्यांना बाकीच्यांनी १२० आणि ४०० ऐकवले. शेवटी प्रत्येकी आणखी दहा रुपये काढायचं ठरलं असतं तर पैसे जमले असते, पण एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सगळ्यांना नाही जमणार, आपण आधी किंमत कमी करून मागू." तिनं आणि वर्गप्रमुखानं मालकाला रीतसर विनंतीपत्र लिहिलं, प्रकल्प काय आहे, पैसे किती आहेत, सेल आणि चार्जरला किती लागणार आहेत, सगळं आकड्यांसकट. सोळाशेला मिळाला. वीस रुपये उरले, त्याची कॅमेऱ्याला नाडी आली.

गृहपाठ म्हणून घरातल्या, किमान एक वर्ष वापरलेल्या एका वस्तूबद्दल दहा ओळींचं मत लिहायला दिलं होतं. घरात ती वस्तू सर्वात जास्त कोण वापरतं त्याला विचारून लिहायचं, अशी अट घातली होती. ती अट तुम्हीही घाला, कारण मिक्सरबद्दल मुलगा लिहितो तेव्हा तो "चांगला आहे" असं लिहितो. आईला विचारल्यावर "ओलं खोबरं बारीक होतं, पण शेंगदाण्याचं कूट करताना दोनदा थांबवावा लागतो, भांडं तापतं, आणि झाकणाचं रबर आठ महिन्यांत सैल झालं" असं येतं. तपासताना मी दहापैकी गुण असे ठेवले : वापराचा काळ आणि वापरणारं माणूस लिहिलं असेल तर दोन, एखादी तरी अट स्पष्ट सांगितली असेल तर चार, बाकीचे चार भाषा आणि शुद्धलेखनाला. स्टार द्यायला मनाई होती. तरी सात जणांनी समासात चांदण्या काढल्याच.